माळ्यावरून उतरलेला संगणक

माळ्यावरून जुना संगणक खाली उतरला की घरातल्या कुणाचा तरी हात आधी प्लगकडे जातो. तीस-पस्तीस वर्षं चादरीत गुंडाळून ठेवलेलं यंत्र. फुंकर मारून धूळ उडवली, फडकं फिरवलं, आता बघू या चालतं का! उत्साह समजण्यासारखा आहे. पण ते यंत्र विकायचं मनात असेल, तर त्याचं सगळ्यात मोठं नुकसान याच दोन मिनिटांत होतं. उंदीर, वाळवी आणि तीस पावसाळे यांच्यातून सुखरूप निघालेलं यंत्र एका खटक्यानं जातं. म्हणून विक्रीचं पहिलं काम म्हणजे प्लग हातात न घेणं. किंमत, फोटो, खोका, कुरियर हे सगळं नंतर.

आपल्याकडच्या माळ्यांवर आणि शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत काय सापडतं, ते आधी पाहू. १९८४ साली सरकारनं शाळांमध्ये संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या फेरीत अडीचशेच्या आसपास शाळांमध्ये एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले. पुढे हीच यंत्रं मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये परवान्यानं तयार झाली. त्यांच्यावर ‘एससीएल युनिकॉर्न’ असं नाव आहे. घरांमध्ये सापडतो तो बहुधा सिंक्लेअर स्पेक्ट्रम, आणि त्यातही आपल्यासाठी जवळचा म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ पासून तो परवान्यावर काढला. आखातात नोकरी केलेल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात एखाद्या वेळी ‘सख्र’ नावाचा, एमएसएक्स जातीचा घरगुती संगणक निघू शकतो, बटणांवर अरबी अक्षरं असलेला. तो कुवेतच्या अल-आलमिया कंपनीनं विकायला काढलेला होता. आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेले पीसी, त्यांचे जाडजूड की-बोर्ड, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तर आहेतच.

आता बीबीसी मायक्रो समोर आहे असं धरू. त्याचं झाकण चार स्क्रूंवर बसतं, दोन मागे आणि दोन तळाला, आणि त्यांच्याजवळ इंग्रजीत ‘फिक्स’ असं छापलेलं असतं. ते काढून झाकण उचललं की डाव्या हाताला वीजपुरवठ्याचा पेटीवजा भाग दिसतो. दुखणं त्या पेटीत आहे. घरातली वीज जिथून आत येते तिथं, विजेतली खरखर रोखण्यासाठी, दोन छोटे कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) बसवलेले असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. त्यांचा रंग मधासारखा पिवळट आणि पारदर्शक असतो, आकार लहान चौकोनी वडीसारखा. अंगावर ‘रिफा’ ही अक्षरं आणि ‘पीएमई २७१’ हा क्रमांक असतो. टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाहा. वरच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतील. वय झालेल्या रिफा कपॅसिटरला त्या नसल्या तरच नवल.

कारण असं. या कपॅसिटरच्या आत धातूचा मुलामा दिलेला कागद गुंडाळलेला असतो आणि वरून इपॉक्सीचं कवच ओतलेलं असतं. वयानं कवचाला तडे जातात, तड्यांतून हवेतली ओल आत शिरते, कागद ती शोषून फुगतो आणि तडे आणखी रुंद होतात. मग एक दिवस त्याला २३० व्होल्ट मिळतात. ओल्या कागदातून वीज झिरपायला लागते, कागद तापतो आणि काही मिनिटांत फटाक्यासारखा आवाज होऊन घरभर करपट, डोळ्यांना झोंबणारा धूर होतो. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत राहिलेल्या यंत्राला हा धोका कोरड्या गावातल्या यंत्रापेक्षा जास्त. गंमत अशी की इतकं होऊनही संगणक अनेकदा चालूच राहतो, कारण हे कपॅसिटर विजेच्या दोन तारांना आडवे जोडलेले असतात, वाटेत नव्हे. पण आतल्या भागांवर चिकट तपकिरी थर बसतो, तो निघता निघत नाही, आणि वास महिनोन् महिने जात नाही. घेणाऱ्याला झाकण उघडताक्षणी कळतं.

उपाय अगदी स्वस्त आहे. वीज लावण्याआधी ते दोन्ही काढायचे आणि त्याच मूल्याचे ‘एक्स-टू’ या सुरक्षा-वर्गातले, २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून वरचे प्लास्टिक फिल्मचे नवे कपॅसिटर बसवायचे. वर्ग महत्त्वाचा. साधा कपॅसिटर इथं चालत नाही. दोन पायांमधलं अंतर आधी पट्टीनं मोजून मगच दुकानात जा. नुसतेच काढून टाकले तरी यंत्र चालतं, तपासणीपुरतं तेवढंही पुरे. मात्र ही पेटी उघडताना एक लक्षात ठेवायचं. यंत्र नुकतंच वीज लावून काढलेलं असेल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून असू शकतात. मल्टिमीटरनं मोजल्याशिवाय बोट लावायचं नाही. हे काम ज्याला येत नाही त्यानं ते करू नये. जाहिरातीत ‘वीज लावलेली नाही, रिफा कपॅसिटर मूळचेच आहेत’ एवढं लिहावं. जाणकार ग्राहकाला ते वाक्य वाचून हायसं वाटतं, कारण त्याला कळतं की विकणाऱ्यानं घाई केलेली नाही.

कपॅसिटर बदलल्यावर पेटीची तारा-जोडणी मुख्य पाटीपासून, म्हणजे मदरबोर्डपासून, सोडवून आधी तिची एकटीची परीक्षा घ्यावी. ती रिकामी चालवू नये, काहीतरी भार लागतो. मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब पाच व्होल्टच्या तारांना लावला की साधारण एक अँपिअरचा भार होतो. आता मीटरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले तर ठीक. मग पाटी जोडायची. निरोगी बीबीसी मायक्रो आधी लांब, खालच्या पट्टीतला सूर देतो आणि लगेच वरचा छोटा ‘बीप’. एकच सूर न थांबता चालू राहिला तर यंत्राची सुरुवात पूर्ण झालेली नाही. तेव्हा आधी की-बोर्डची पट्टी नीट बसली आहे का ते पाहावं, कारण ती सुटली तरी असंच होतं. आणि मागच्या गोल व्हिडिओ जोडणीतून चित्र काळंपांढरं आलं म्हणून घाबरायचं नाही. कारखान्यातूनच ते तसं येतं. रंगासाठी आत ‘एस ३९’ ही जोडणी करावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली यंत्रं ‘रंग गेलेला’ म्हणून कमी भावात गेलेली आहेत.

स्पेक्ट्रमचं दुखणं वेगळं. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण गोल पिनेच्या आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आज दुकानात मिळणारे बहुतेक अडॅप्टर बरोबर याच्या उलटे असतात. पिन मात्र तशीच बसते. मूळ अडॅप्टर हरवला म्हणून राउटरचा लावून पाहिला की यंत्र मुकं होतं. मूळ अडॅप्टर असेल तर तो मोजताना मीटर १२ ते १४ व्होल्ट दाखवेल. तो बिघडलेला नसतो, त्यात व्होल्ट स्थिर ठेवणारी सोयच नाही, भार आला की आकडा खाली येतो. आत, मेमरीच्या पहिल्या १६ किलोबाइटच्या आठ चिप ४११६ जातीच्या आहेत आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे दोन जादाचे व्होल्टेज बनवणारं छोटं सर्किट, त्यातला टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर आणि शेजारची तांब्याची गुंडाळी, ही या यंत्राची दुखरी नस. उणे ५ गेलं आणि अधिक १२ राहिलं तर त्या चिप एकेक करून मरतात. म्हणून पडद्यावर नुसते रंगीत चौकोन दिसले की ‘थोडा वेळ चालू ठेवून बघू’ असं करायचं नसतं. लगेच बंद.

आणि की-बोर्ड. स्पेक्ट्रम प्लसच्या टणक बटणांखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन शेपट्या, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची, पाटीवरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांनी ते प्लास्टिक वाळलेल्या पानासारखं झालेलं असतं. वरचं झाकण वहीसारखं झटकन उघडलं की वळणावर शेपटी तडकते आणि बटणांची अख्खी ओळ जाते. झाकण दोन इंचच उचलायचं, आत बोट घालून शेपट्या सॉकेटमधून सरळ वर ओढायच्या, मगच झाकण बाजूला ठेवायचं. तडा अगदी टोकाशी असेल तर तेवढे पाच मिलिमीटर सरळ कापून उरलेली शेपटी परत खोचता येते. तडा वर असेल तर नवा पडदा घ्यावा, तो आजही नव्यानं बनतो. पण मूळचा पडदा फेकू नका. पिशवीत घालून यंत्रासोबत द्या.

मेमरी पूर्ण ४८ किलोबाइट आहे का, हे सांगायला यंत्र उघडावं लागत नाही. यंत्रातल्या बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत २३७३२ आणि २३७३३ या मेमरीतल्या दोन पत्त्यांवरचे आकडे वाचायचे, दुसऱ्याला २५६ नं गुणून त्यात पहिला मिळवायचा. ६५५३५ आलं की पूर्ण, ३२७६७ आलं की फक्त १६. टीव्हीच्या पडद्यावरच्या त्या आकड्याचा फोटो जाहिरातीत टाकला की दहा प्रश्न वाचतात.

कॉमोडोर ६४ या त्याच काळातल्या घरगुती संगणकासोबत आलेला मूळ वीजपुरवठा असेल तर त्याच्याशी आणखी सावध. तो आतून इपॉक्सीनं भरलेला, त्यामुळे उष्णता कोंडते, आणि आतला भाग बिघडतो तेव्हा पाच व्होल्ट कमी होण्याऐवजी वाढतात. वाढलेले व्होल्ट थेट मेमरी चिपवर. आज मोजून बरोबर आला तरी अर्ध्या तासानं तापल्यावर तो बरोबर राहील याची हमी नाही. यंत्र विकताना तो मूळ वस्तू म्हणून जरूर द्यावा, पण वेगळा बांधून, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून.

३८६ आणि ४८६ च्या काळातल्या पीसीत आणखी एक शत्रू बसलेला असतो. मुख्य पाटीवर, की-बोर्डच्या जोडणीजवळ, निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळते. आतला द्रव अल्कली असतो, तांब्याच्या रेषांखाली शिरून तो दूरवर सरकतो आणि मोरचुदासारखी निळी-हिरवी बुरशीसारखी साय धरतो. यंत्र विकायचं असो वा नसो, ही बॅटरी दिसली की त्याच दिवशी कात्रीनं पाय कापून काढावी. गळती झालेल्या जागी पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्यानं लावायचं, अल्कलीचा जोर मोडतो. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस कोरड्या हवेत. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशच्या पेटीत हीच भूमिका अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियम बॅटरी बजावते, आणि ती फुटली की सगळं गंजवते. नाण्यासारख्या सीआर २०३२ सेलची मात्र एवढी धास्ती नको.

फ्लॉपींबद्दल आपल्या हवेत वेगळं बोलावंच लागेल. सव्वापाच इंची फ्लॉपी पाकिटातून काढा, मधल्या गोल भोकात दोन बोटं घालून चकती हळू फिरवा आणि लांबट खिडकीतून उजेडात पाहा. तपकिरी पृष्ठभागावर पांढरट ठिपके किंवा धुक्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर चढते, हेड पुढच्या फ्लॉपीचा थर खरवडतो, आणि एका दुपारी वीस फ्लॉपी जातात. विकणाऱ्यानं त्या वाचून बघण्याचा हट्ट धरू नये. एखाद्या शाळेनं मराठीत काही प्रोग्राम लिहिले असतील, एखाद्या संस्थेनं पहिली देवनागरी अक्षरं पडद्यावर आणली असतील, तर ते याच फ्लॉपींवर असणार आणि त्याची दुसरी प्रत कुठंही नसणार. ‘बुरशी आहे, वाचलेल्या नाहीत’ असं लिहून त्या यंत्राबरोबरच द्याव्यात. जपणारे लोक त्या धुऊन, चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवणाऱ्या ग्रीसविझलसारख्या उपकरणानं वाचतात. उलट हार्ड डिस्कवर कुणाची पत्रं, पगारपत्रकं, रुग्णांच्या नोंदी असतील तर ती आधी पाहून हटवणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी.

आता भाव. ‘दुर्मिळ’ हा शब्द जाहिरातींनी पार झिजवून टाकला आहे. बीबीसी मायक्रो जगभरात पंधरा लाखांवर खपला, स्पेक्ट्रम तर त्याहून कितीतरी जास्त, कॉमोडोर ६४ एक कोटीच्या वर. ही यंत्रं जुनी आहेत, दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ असतो तो विशिष्ट प्रकार. डीबी स्पेक्ट्रमची पाटी आणि चिप ब्रिटनमधल्या यंत्रासारख्याच, पण पुण्याची मोहोर असलेलं लेबल, भारतात छापलेलं पुस्तक आणि मूळ खोका यांच्यासाठी युरोपातला संग्राहक थांबून असतो. युनिकॉर्नचंही तसंच. म्हणजे किंमत बरेचदा कागदात आणि पुठ्ठ्यात असते, आणि घरात सगळ्यात आधी रद्दीत जातं तेही तेच. खोका, थर्माकोलचा साचा, वॉरंटी कार्ड, दुकानदाराची पावती, कॅसेट, आतली जाहिरातीची पत्रकं, यांतलं काहीही टाकायचं नाही.

भाव ठरवताना मागितलेली किंमत पाहू नये, मिळालेली पाहावी. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी गाळणी लावली की प्रत्यक्ष व्यवहार दिसतात. त्यातही चालू, बंद आणि खोक्यासह असे तीन ढीग वेगळे करून पाहायचे. ईबेची भारतातली बाजारपेठ २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून इथल्या खऱ्या व्यवहारांची उघड नोंद फारशी राहिलेली नाही. इतर ठिकाणी दिसतात त्या फक्त अपेक्षा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विचारलं तर मिळतो तो भंगाराचा भाव किंवा हौशी गिऱ्हाइकाचा भाव, दोन्ही टोकं.

आणि सोनं. सिरॅमिक प्रोसेसर, सोनेरी दाते असलेल्या पाट्या किलोवर घेऊन ॲसिडमध्ये विरघळवणारे लोक आहेत. त्यांना पेंटियम प्रो दिसला की वजनकाटा पुढे येतो. संग्राहक त्याच चिपला पाय सरळ असतील तर कितीतरी जास्त देतो. हे कळवळून सांगावंसं वाटतं, कारण विरघळलेली पाटी परत येत नाही. तसंच तुकडे करून विकण्याचं. कॉमोडोरमधली आवाजाची सिड चिप काढून वेगळी विकली की पटकन पैसे येतात आणि मागे एक मुकं खोकं उरतं. जुन्या टर्मिनलचा, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायच्या पडद्याचा, की-बोर्ड की-बोर्डवेडे लोक चढ्या भावानं मागतात, तो गेला की ते टर्मिनल कायमचं निरुपयोगी, कारण दुसरा कुठलाच की-बोर्ड त्याला लागत नाही. बंद पडलेली, फुटलेली यंत्रं सुट्या भागांसाठी द्यायला काहीच हरकत नाही. धड यंत्र फोडू नये.

सुट्या वस्तूंचा बाजार तसा निराळा आहे, आणि त्यात हौसेपेक्षा गरज जास्त चालते. कारखान्यातल्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या हुकमानं चालणाऱ्या) यंत्राला किंवा तपासणीच्या उपकरणाला लांब काळ्या आयएसए स्लॉटची, म्हणजे जुन्या जातीची कार्डं खोचायच्या खाचांची, मुख्य पाटी लागते. ती बंद पडली की कारखान्यात लाखोंचं यंत्र उभं राहतं. अशा गिऱ्हाइकाला पाटी पिवळी पडली आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला हवा असतो नेमका मॉडेल क्रमांक, बायोसची तारीख, स्लॉट किती, मेमरी कुठल्या जातीची आणि चोवीस तास चालवून पाहिलेल्याची खात्री. साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह, डॉट मॅट्रिक्सची हेड, सिरियल पोर्टची कार्डं याच वर्गातली. आयबीएमचा मॉडेल एम की-बोर्ड मात्र दोन्ही बाजारांत चालतो. उलटा केला की लेबलवर १३९१४०१ सारखा भाग क्रमांक आणि बनवल्याची तारीख सापडते, तिचा फोटो हवाच. प्रत्येक बटण दाबून स्प्रिंग वाकल्याचा खटका स्पष्ट येतो का पाहावं. मग की-बोर्ड हळू हलवून कान लावावा. आत खडखडलं तर मागच्या धातूच्या पत्र्याला धरून ठेवणारे प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेले आहेत. तुटलेले असले तरी तो विकला जातो, फक्त तसं लिहावं लागतं. टीव्हीएस गोल्डचे जुने की-बोर्डही लोक आता आतल्या चेरी कंपनीच्या स्विचसाठी शोधतात.

पिवळेपणा हा विकणाऱ्याचा मोठा मोह. प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांमुळे आणि उन्हामुळे ते पिवळं पडतं, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, हे खरं. पण जेल सगळीकडे सारखं न लागल्यास संगमरवरासारखे ढगाळ पट्टे उठतात आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. बटणांवरची छपाई फिकट होते. काही काळानं पिवळेपणा परतही येतो. विकण्याआधी हे करू नये. ज्याला हवं तो घेऊन करेल. मऊ ब्रश, ओलसर फडकं, थोडा सौम्य साबण, एवढी स्वच्छता पुरे. लेबलवर ओलं फडकं फिरवायचं नाही. शाळेनं ऑइलपेंटनं लिहिलेला आकडाही खरवडून काढायचा नाही.

तो आकडा म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवहीतला, आपण ज्याला डेड स्टॉक म्हणतो त्याचा क्रमांक. यंत्र कुठं होतं, कधी आलं, याचा तो एकमेव पुरावा असतो. त्याबरोबर एक प्रश्नही येतो. शाळेचं किंवा सरकारी कचेरीचं यंत्र निर्लेखन होऊन, लिलावात किंवा ठरावानं बाहेर पडलेलं असायला हवं. निर्लेखनाच्या आदेशाची किंवा लिलावाच्या पावतीची प्रत सोबत ठेवावी. ती नसेल तर आधी संस्थेत जाऊन मिळवावी, मग विकावं. परदेशातला संग्रहालयवाला ग्राहक ती मागतोच.

वर्णनात सगळ्यात फसवा शब्द ‘अनटेस्टेड’. गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘लावून पाहिलं, चाललं नाही’ असाच घेतं आणि भाव तसाच देतं. ‘चालू आहे’ हेही अर्धवट. पडदा आला म्हणजे चालू, की कॅसेटवरून प्रोग्राम चढला म्हणजे चालू? काय केलं आणि काय दिसलं तेवढंच लिहावं. उदाहरणार्थ असं:

‘डीबी स्पेक्ट्रम प्लस, मूळ अडॅप्टर, पुस्तक आणि खोक्यासह. खोक्याचा एक कोपरा कसरीनं खाल्लेला. आतून पाहिला आहे, पाटीवर आधी दुरुस्ती झाल्याच्या खुणा नाहीत. अडॅप्टर विनाभार १२.८ व्होल्ट. पडदा येतो, मेमरी ६५५३५ दाखवते. वीस मिनिटं चालवला. खालच्या ओळीतली सात बटणं चालत नाहीत, की-बोर्डखालच्या पडद्याची शेपटी तडकलेली दिसते. कॅसेटवरून प्रोग्राम चढवून पाहिलेला नाही. टीव्हीची मूळ जोडणी बदललेली नाही. तळाच्या चार रबरी पायांपैकी एक नाही.’

या वर्णनात दोष चार आहेत, आणि तरीही हे यंत्र ‘चालू, उत्तम स्थिती’ एवढंच लिहिलेल्या यंत्रापेक्षा लवकर आणि चांगल्या भावात जातं. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. सहा बाजू, लेबल, पाटी वरून आणि खालून, प्रत्येक दोष जवळून शेजारी मोजपट्टी ठेवून. चिपवरचे क्रमांक वाचता येतील असा एक फोटो स्वतःसाठीही ठेवावा. यंत्र परत आलं तर आतली चिप तीच आहे का हे त्यावरूनच सांगता येतं. महागाच्या चिपवर अतिनील उजेडातच दिसणाऱ्या पेनचा छोटा ठिपका देणारेही आहेत.

शेवटचं काम बांधणीचं, आणि बरीच यंत्रं मरतात ती इथंच. खोका कुणीतरी कमरेच्या उंचीवरून टाकणार हे गृहीत धरायचं. दोन खोके, एकात एक, मध्ये सगळीकडून किमान पाच सेंटिमीटर दाट फोम. थर्माकोलचे मणी नकोत, जड वस्तू त्यांतून खाली सरकत सरकत तळाला जाते. अडॅप्टर कधीही यंत्राच्याच पोकळीत ठेवायचा नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड हातोड्यासारखं आदळतं आणि पोचतं ते बटणांचं तुकड्यातुकड्यांतलं प्लास्टिक. त्याला स्वतंत्र पेटी. सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये मूळ पुठ्ठ्याचं कार्ड, ते नसेल तर त्याच मापाचा पुठ्ठा कापून घालावा आणि दांडी बंद करावी, म्हणजे हेड एकमेकांवर आपटत नाहीत. फार जुन्या हार्ड डिस्कचे हेड आधी पार्क करून, म्हणजे सुरक्षित जागी नेऊन, घ्यावेत. काचेच्या पडद्याचा मॉनिटर पडदा खाली करून, सपाट फोमवर. वजन काचेच्या जाड पुढच्या भागावर यायला हवं, मागची बारीक मान मोकळी. मॉनिटर कुशीवर पाठवला की मान तडकते, हवा आत शिरते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सुटी पाटी असेल तर गुलाबी स्थितिक-रोधक (अँटिस्टॅटिक) पिशवीत, साध्या बबल रॅपमध्ये नव्हे. जून ते सप्टेंबर पाठवायचं असेल तर आतल्या पिशवीत सिलिका जेल टाकून तोंड टेपनं बंद करावं. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते आधीच ओलावा पिऊन बसलेत, कढईत मंद आचेवर परत निळे करून घ्या, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लिथियम बॅटरी आत राहिलेली नाही ना, हे खोका बंद करण्याआधी एकदा पाहावं, हवाई टपाल त्यावरून अडवतं. परदेशी पाठवताना जकातीच्या कागदावर ‘जुना संगणक, वापरलेला’ असं साधं लिहावं. पूर्ण यंत्र ८४७१ या शीर्षकात येतं, सुटे भाग ८४७३ मध्ये.

आणि एक कागदाची पट्टी. दोन बोटं रुंद, प्लगच्या तिन्ही पिनांभोवती गुंडाळून टेपनं चिकटवलेली, म्हणजे ती फाडल्याशिवाय प्लग भिंतीत जाणारच नाही. तिच्यावर लिहायचं: प्रवासात सॉकेटमधल्या चिप उचलल्या जातात, आधी झाकण उघडून प्रत्येक चिप अंगठ्यानं हलकेच दाबून घ्या. की-बोर्डची पट्टी बसली आहे का पाहा. वीजपुरवठा बदलला असेल तर तारीख आणि काय बदललं ते, बदलला नसेल तर ‘रिफा मूळचे, वीज लावू नये’.